न भरणारी जखम आणि त्वचेचा कर्करोग

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आकड्यांबरोबर एका आरोग्यविषयक प्रश्नाची माहितीही असावी, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. आम्ही प्रशासनाचे काम पाहणारे. तथापि त्याच जखमेवर वर्षानुवर्षे पट्टी बांधून घेणारे रुग्ण ड्रेसिंगच्या खोलीबाहेर आमच्याही दृष्टीस पडतात. म्हणून हा विषय निवडला.

भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. मात्र जुनी जखम, भाजल्याचा व्रण किंवा सततचे घर्षण यांतूनही हा रोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. धोतर कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील त्वचा जाड होते, रंग बदलतो, पुढे जखम होते आणि काहींच्या बाबतीत तिचे रूपांतर कर्करोगात होते. साडीच्या परकराच्या नाडीमुळेही असेच घडल्याच्या नोंदी आहेत.

हे का घडते? त्वचेचे मुख्यतः दोन थर असतात. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्याखाली एक पातळ तळपडदा असतो. रोगट पेशी या पडद्याच्या वर आहेत तोवर त्यांना शरीरात अन्यत्र जाण्यास वाट नसते. पडदा फोडून त्या अंतस्त्वचेत उतरल्या म्हणजे रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या त्यांना मोकळ्या होतात.

या सीमेवर पहारा असतो. बाह्यत्वचेतील लँगरहान्स पेशी परका अंश टिपून जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचवितात व तेथून मारक पेशी रवाना होतात. प्रत्यारोपित मूत्रपिंड टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना त्वचेचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक होतो, यावरून या पहाऱ्याचे मोल कळते.

जुन्या जखमेत मात्र हा पहाराच बिघडतो. जखम भरून काढण्यासाठी आलेल्या पेशी वाढीचे संदेश देतात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात आणि भोवतालचे तंतू सैल करतात. जखम मिटल्यावर हे काम थांबावयास हवे. ती वर्षानुवर्षे उघडी राहिल्यास हीच सामग्री कर्करोगाच्या उपयोगी पडते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय. भाजल्याच्या घट्ट व्रणात लसिकावाहिन्या कमी असल्याने तेथे संरक्षक पेशीही पुरेशा पोहोचत नाहीत. असा कर्करोग अनेकदा भाजल्यानंतर २०-३० वर्षांनी प्रकट होतो आणि व्रणाबाहेर पडल्यावर लसिकाग्रंथींत लवकर पसरतो.

इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली कर्करोगाच्या पेशींना बियाण्याची व अवयवांना जमिनीची उपमा दिली होती. धान पिकविणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्यास ती सहज पटावी. बियाणे तेच असले, तरी प्रत्येक बांधीत सारखे उगवत नाही. कर्करोगाच्या पेशी मारक पेशींना ‘थांबा’ असा खोटा इशाराही देतात. हा इशारा निष्प्रभ करण्याच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तत्त्वावरील औषधे आज उपलब्ध आहेत. परंतु ती अतिशय महाग आहेत. वेळीच केलेली लहान शस्त्रक्रिया हाच आपल्या रुग्णांसाठी खरा आधार होय.

आपल्या भागात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. बधिर तळपायाच्या जखमेत वेदना नसल्याने ती दुर्लक्षित राहते; क्वचित तिच्यातही कर्करोग उद्भवतो. म्हणून पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे: दीड-दोन महिन्यांत न भरणारी जखम, उंचावलेल्या कडा, कोबीच्या फुलासारखी वाढ, वारंवार रक्त येणे, दुर्गंधी, जांघेत किंवा काखेत गाठ. अशा जखमेवर बिब्बा लावू नये, डागण्या देऊ नयेत. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा समज निराधार आहे. हा रोग संसर्गजन्यही नाही.

निदान झाल्यावर पुढील उपचार नागपूर येथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात होऊ शकतात. परंतु जखम प्रथम दिसते ती घरच्यांना, आशाताईंना व शेजाऱ्यांना. त्यांनी रुग्णास वेळेत तपासणीस आणले, तर पाय वाचतो आणि पुष्कळदा प्राणही. अहवालाच्या वाचकांनी ही माहिती आपापल्या गावी पोहोचवावी, एवढीच नम्र अपेक्षा.