गोदामातला माल आणि व्यापाऱ्याची धास्ती

युद्धकाळात धान्याची टंचाई झाली की तिचे खापर व्यापाऱ्यांच्या नफेखोरीवर फोडण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा ते योग्य डोक्यावरच फुटते. परंतु 1942 चे कलकत्ता पाहिले, तर हावेच्या आधी भीतीनेच माल दडविला, असे दिसते.

8 मार्च 1942 रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. एप्रिलच्या आरंभी कोलंबो, विशाखापट्टणम व काकिनाडा येथे जपानी बाँब पडले. शत्रू बंगालच्या किनाऱ्यावर उतरणार, असे गृहीत धरून सरकारने किनारी जिल्ह्यांतील 'जादा' तांदूळ उचलला (तो होता सुमारे 40 हजार टन) आणि दहा वा अधिक माणसे वाहणाऱ्या हजारो होड्या जप्त अथवा नष्ट केल्या. यांत होड्यांचा घाव अधिक खोल गेला. नद्यांच्या त्या मुलखात होडी हीच बैलगाडी. ती गेल्यावर गावचा माल बाजारात यावा कसा?

मालाच्या काळजीवर सरकारपाशी उपाय नव्हता असे नाही. 1940 च्या वटहुकुमान्वये युद्धजोखमीच्या विम्याची हमी सरकारनेच घेतली होती. बाँबने गोदाम जळाले, तर भरपाई मिळणार होती. परंतु व्यापाऱ्याची धास्ती दुहेरी होती. 20 डिसेंबर 1942 रोजी कलकत्त्यावर पहिले बाँब पडले, धान्याची पुष्कळ दुकाने बंद झाली, आणि सुमारे आठवड्याभरात सरकारने घाऊक व्यापाऱ्यांचे साठे मोहोरबंद केले. शहराला खाऊ घालणे प्राप्तच होते, हे मान्य. तथापि दिसणारा साठा सरकारचा व न दिसणारा आपला, एवढा बोध व्यापाऱ्याने त्यातून घेतला. या जोखमीचा विमा कोठेच उतरत नव्हता.

दडलेला माल बाहेर येईल, या अपेक्षेने मार्च 1943 मध्ये भावनियंत्रण उठविण्यात आले. तेव्हा मणाला 15 रुपयांच्या आसपास असलेला जाडा तांदूळ मेच्या मध्यापर्यंत 30 रुपयांच्या घरात गेला. ज्यांच्यापाशी माल होता, ते आणखी थांबले. शेतमजूर, कोळी, नावाडी यांना थांबणे शक्य नव्हते. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे 15 लाख धरली. नंतरच्या काही अभ्यासकांनी ती 30 लाखांपर्यंत नेली. त्याच आयोगाने धान्यव्यवहारातील जादा नफ्याचा अंदाज 150 कोटी रुपये केला होता, म्हणजे आयोगाच्याच हिशेबाने दर मृत्यूमागे सुमारे एक हजार रुपये.