जनावरे घडवणारा बारी

बैल घेताना तुम्ही त्याचे दात, खूर, खांदा निरखून पाहता ना? फ्रान्समधला शिल्पकार आंत्वान-लुई बारी जनावर असेच पारखी. पॅरिसच्या एका सोनाराचा हा मुलगा. तिथल्या प्राणिबागेत पिंजऱ्यांपुढे तासन् तास बसायचा. एखादा प्राणी मेला की हा मापे घ्यायला हजर! १८३३ च्या सरकारी प्रदर्शनात त्याचा सापाला पंजाखाली दाबणारा सिंह गाजला. पण १८३७ मध्ये तिथल्याच परीक्षकांनी त्याचे काम नाकारले. जनावरांच्या मूर्ती म्हणजे हलके काम, अशी त्या पंडितांची समजूत!

मग बारी लहान लहान कांस्यमूर्ती स्वतःच ओतून विकू लागला. माल उत्तम, व्यवहार कच्चा. १८४८ मध्ये दिवाळे निघाले, मूर्तींचे मूळ नमुनेसुद्धा धनकोच्या हाती गेले. कर्जाचे ओझे काय असते, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. ते फेडून नमुने सोडवायला १८५७ साल उजाडले. तोवर त्याच बागेच्या संग्रहालयात तो १८५४ पासून चित्रकला शिकवीत होता. पुढे जगभर नावाजलेला रोदँ हा त्याचा विद्यार्थी. १८७५ मध्ये बारी वारला. त्याचा तो सिंह, कांस्यात ओतलेला, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.