जुनी गाठ, बदललेली गाठ

इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांची, बाटली फ्रीजमधून काढली की लगेच लावत नाहीत. आधी तिचा गारठा जाऊ देतात. सिस्टर बॅच नंबर उतरवून घेतात, औषध गढूळ नाही ना हे उजेडात पाहतात आणि थेंब अगदी हळू सोडतात. ताप, नाडी, रक्तदाब पाहत पाहत मग वेग वाढतो. ५० किलोच्या माणसाला एका वेळी साधारण २० ते ३० ग्रॅम लागतं. तेही दर तीन-चार आठवड्यांनी, बहुधा जन्मभर.

मुंबईतल्या एका डे-केअर वॉर्डात मी हे पाहत होते. कॉटवरच्या तरुणाला सीव्हीआयडी हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. त्याच्या शरीरात प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत. ड्रिप चालू असतानाच डॉक्टर आल्या. लसिकागाठी शोधत त्यांची बोटं मानेवरून, काखेतून, जांघेतून सावकाश फिरली. मग डाव्या बरगडीखाली हात ठेवून त्या म्हणाल्या, “मोठा श्वास घे,” आणि पाणथरी चाचपली.

बाटलीतली प्रतिपिंडं न्यूमोनियासारखे संसर्ग रोखतात, पण कॅन्सरचा धोका त्यांनी मिटत नाही. एप्स्टाइन-बार विषाणू बहुतेकांच्या शरीरात मुक्काम करून असतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला तर त्याने ग्रासलेल्या बी-पेशी बेसुमार वाढून लिम्फोमा, म्हणजे लसिकासंस्थेचा कॅन्सर, होऊ शकतो. सीव्हीआयडीत जठराच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. म्हणून भूक मेली, वजन घटू लागलं, तर नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर भागवायचं नाही, दुर्बिणीने तपासायचं.

अवघड भाग असा, की या रुग्णांच्या गाठी कॅन्सर नसतानाही सुजतात. त्यामुळे प्रत्येक गाठीची जागा, आकार, कठीणपणा फाइलमध्ये लिहिला जातो आणि पुढच्या वेळी ताडून पाहिला जातो. बदल खटकला तर बायोप्सी. शक्यतो अख्खी गाठ काढून, कारण सुईत आलेल्या मोजक्या पेशींवरून तिची रचना कळत नाही.

प्रतिकारशक्तीच्या काही आजारांत कॅन्सरचा शोधही जपून घ्यावा लागतो. अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या आनुवंशिक आजारात १९९५ साली सापडलेलं एटीएम जनुक बिघडलेलं असतं आणि तुटलेला डीएनए नीट सांधला जात नाही. अशा मुलांना एक्स-रे, सीटी स्कॅनचे किरणही घातक ठरू शकतात. शक्य तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयवर काम भागवतात.

लिम्फोमावर उपचार आहेत, पण ते वेळेवर सुरू व्हायला बदल आधी कुणाच्या तरी हाताला लागावा लागतो. म्हणून प्रत्येक ड्रिपच्या दिवशी गाठींची ही तपासणी झालीच पाहिजे, आणि रुग्णाला व घरच्यांनाही ती शिकवली पाहिजे.