जिजाऊंचं माहेर

जालन्याहून मेहकरच्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दगडी महादरवाजा अजून धिप्पाड उभा आहे. आत मात्र बरीचशी जोती आणि पडक्या भिंती. १२ जानेवारी १५९८ ला जिजाबाई इथे जन्मल्या, म्हणून दरवर्षी त्या दिवशी इथे अफाट गर्दी लोटते. बुलढाणा जिल्हा ‘मातृतीर्थ’ म्हणून मिरवतो. मिरवावंच, पण वीरमातेपुढे हात जोडताना त्या मुरलेल्या राजकारणी घरात वाढल्या, हे मागे पडतं.

लखुजीराव निजामशाहीतले बडे सरदार. स्वतःची फौज बाळगणारे, वारं बघून बाजू बदलणारे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ते मोगलांकडून उतरले, जावई शहाजीराजे निजामशाहीकडून. लेकीने कोणासाठी देव पाण्यात ठेवायचे? पुढे लखुजीराव निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ ला दौलताबादेत अचलोजी, राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव यांच्यासह दगाफटक्याने मारले गेले. सात महिने उलटायच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले. परक्याच्या दरबारात मानमरातब कितीही मिळाला तरी मान सुरीखालीच राहते, हे जिजाबाईंना कोणी शिकवायला नको होतं.

गावात खरी नजर खिळते ती वाड्यावर नव्हे, लखुजीरावांच्या समाधीवर. लांबून तिचा घुमट पाहणाऱ्याला मकबराच वाटावा. त्यात वावगं काही नाही. दख्खनेत तेव्हा बांधकामाची रीतच ती होती.

रंगमहालाशी रंगपंचमीची गोष्ट जोडलेली आहे. लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उडवला, लखुजीराव थट्टेने ‘जोडा शोभतो’ म्हणाले आणि शहाजींचे वडील मालोजीराजे यांनी तो शब्दच धरला. गोष्ट इतकी गोड आहे की मी ती जपूनच घेतो.

त्यापेक्षा मोती तलावाचा बांध, चांदणी तलाव आणि दगडी मूर्तींनी सजलेली, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी पुतळा बारव मला जास्त बोलकी वाटते. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या या मुलखात फौज, घोडे आणि रयत धरून ठेवायची तर आधी पाणी धरावं लागे. जयंतीची गर्दी टाळून आलात तर आधी तलावाच्या बांधावर जा. वाडा मग बघा.