पटावरून नाहीशी झालेली मुले

शाळेने टाकलेल्या किंवा शाळेला कंटाळून निघून गेलेल्या मुलांसाठी जे वर्ग आपण चालवितो, त्यांचे यश कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न आमच्या धर्मगुरुबंधूंना व धर्मशिक्षकांना दर वर्षी अहवाल लिहिताना पडतो. आम्हीही एकदा रात्रीच्या वर्गाचा निकाल ‘शेकडा शंभर’ असा लिहून मोकळे झालो होतो. परीक्षेस पाच मुले बसली, पाचही उत्तीर्ण झाली. वर्षारंभी पटावर नावे मात्र चौदा होती.

या हिशेबातील खोट इटलीतील बार्बियानाच्या मुलांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. १९५४ च्या डिसेंबरात फादर लोरेन्झो मिलानी यांची या डोंगराळ वस्तीत नेमणूक झाली. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तीत गुण नव्हते, प्रगतिपुस्तक नव्हते. थोरली मुले धाकट्यांस शिकवीत, आणि सर्वांत मागे राहिलेल्यास समजेपर्यंत धडा पुढे सरकत नसे. सरकारी परीक्षा मुले बाहेरून देत. १९६७ साली त्यांतील आठ जणांनी मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक लिहिले. त्यातील हिशेब साधाच आहे. वर्ग वर चढताना नापास झालेले मागे राहतात. पुढील इयत्तेत आधीच अडकून पडलेले त्यांची जागा भरतात. पट भरलेला दिसतो, त्यामुळे कोणी हरवले आहे हे बाईंच्या ध्यानातच येत नाही. या मुलांनी बाकांवरील डोकी न मोजता आरंभीची नावे वर्षानुवर्षे मोजली, आणि गळालेल्यांचे वडील काय करतात हेही पाहिले.

परीक्षा टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रमाणपत्रावाचून गरिबाच्या मुलाला नोकरीच्या दारात कोण उभे करतो? आपल्याकडे १९७९ साली प्रकल्परूपाने सुरू झालेली, आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था याबाबत उदार आहे. तेथे एकेक विषय देता येतो, सुटलेले विषय जमेस राहतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मग आपला अहवाल तरी एका वर्षात निकाल लावण्याची घाई का करतो?

आमच्या मते आरंभीचे प्रत्येक नाव निदान पाच वर्षे वहीत राहू द्यावे. मुलगा आला तेव्हा काय वाचू शकत होता, आज काय वाचतो, कितीदा गेला, कितीदा परतला, हे त्यापुढे लिहावे. काम कंटाळवाणे आहे, आणि वार्षिक सभेत टाळ्या मिळवून देणारे तर मुळीच नाही.

त्या नऊ मुलांची नावे आम्ही वहीत पुन्हा उतरविली. चौघांचा पत्ता लागला. त्यांतील एक वीटभट्टीवर आहे. हिंदीचा पेपर अजून देता येईल का, असे त्याने विचारले.