मांडव वाऱ्याने उडतो कसा?

बंगळुरूच्या चामराजपेटमध्ये श्री रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीत महोत्सव १९३९ पासून चालत आला आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर त्यासाठी मोठा मांडव घालतात, तोही ऐन वळवाच्या मोसमात. वळवाच्या ढगातून थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीला आपटून चहूकडे पसरते. म्हणूनच पावसाआधी सोसाट्याचा वारा येतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला एका चौरस मीटरवर साधारण साडेपाच किलोंचा भार येतो. ७२ ला बावीस किलोंचा. तीन बाय चार मीटरच्या छोट्या छतालाही तेव्हा अडीचशे किलोंहून अधिक जोर सोसावा लागू शकतो. शिवाय वरून वाहणारा वारा कापड वर ओढतो आणि कनातीत अडकलेली हवा खालून ढकलते. त्यामुळे मांडव कोसळण्याआधी बहुधा उचलला जातो.

उपाय साधे आहेत. तणावे जमिनीशी साधारण ४५ अंशांत ताणावेत. मेखा सरळ न ठोकता माथा मांडवापासून बाहेर झुकलेला ठेवावा. सैल कापड फडफडते आणि प्रत्येक झटक्याने मेख ढिली होते, म्हणून छत ताठ हवे. पण उतारही हवा. छतावर एक सेंटिमीटर पाणी साचले तरी चौरस मीटरला दहा किलो वजन वाढते. फरसबंदीवर मेखेऐवजी वाळूची पोती खांबांना बांधावीत.

कॅराव्हॅनच्या, म्हणजे प्रवासी घरगाडीच्या, बाजूला ताणलेल्या कापडी छताला मात्र एकच नियम: ढग गडगडू लागले की ते गुंडाळून ठेवा.