जो कण बनवता येत नाही, तो शोधायचा कसा?
नवा जड कण बनवायला प्रचंड ऊर्जा लागते. सर्नच्या एलएचसी कोलायडरचं रिंगण तब्बल 27 किलोमीटरचं, तरी त्यालाही मर्यादा आहेच. मग त्यापलीकडचं कसं बघायचं?

उपाय असा: कण बनवू नका, त्याचा परिणाम मोजा. बॅकग्राउंडला चालणारं अ‍ॅप दिसत नाही, पण बॅटरी जरा जास्त उतरते ना? तसंच जड कण न बनताही हलक्या कणांच्या गुणधर्मांत किंचित फरक पाडतात.

हे आधी जमलंय. सर्नच्या जुन्या एलईपी मशीनची ऊर्जा टॉप क्वार्क बनवायला पुरत नव्हती. पण तिथल्या झेड कणाच्या मोजमापांवरून त्याच्या वस्तुमानाचा अंदाज आला. 1995 मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबला तो साधारण तिथेच सापडला.

आता म्युऑन बघा. त्याच्या चुंबकत्वातला असाच बारीक फरक फर्मीलॅबने मोजला. 2025 च्या अंतिम निकालात अनिश्चितता आहे एक अब्जात फक्त 127 भाग! आधी थिअरीचा आकडा वेगळा यायचा, म्हणून नव्या कणाची आशा होती. पण त्याच वर्षी थिअरीचं सुधारित गणित आलं आणि तफावत जवळपास मिटली.

मात्र थिअरीची अनिश्चितता अजून प्रयोगापेक्षा जास्त आहे. बॅटरी मुळात किती उतरायला हवी, हेच पक्कं नसेल तर लपलेलं अ‍ॅप पकडणार कसं?